सभाधीटपणाची शाळा : गावचे मंडळ

बियाणे कोणते निवडावे, पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यावी, कोणत्या किडीवर कोणता उपाय करावा, यांविषयी जाणतेपणाने बोलणारे शेतकरी प्रत्येक गावात असतात. बांधावर किंवा पारावर त्यांचे बोलणे ऐकत राहावेसे वाटते. परंतु हीच माणसे ग्रामसभेत अथवा सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत जाऊन बसली, म्हणजे बहुधा गप्प राहतात. सांगण्यासारखे पुष्कळ असते, मनात शब्दही जुळलेले असतात. पण उभे राहण्याची वेळ आली की घशाला कोरड पडते. मग सभा आटोपल्यावर घरी परतताना सारे काही वाटेत सोबत्याला सांगितले जाते. तोपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो.

बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असे जुनी माणसे म्हणत. बाजारातील ही गोष्ट सभेलाही लागू पडते. सभेत बोलता येणे ही मूठभर भाग्यवंतांना जन्मतः लाभलेली देणगी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. ती एक कसबाची गोष्ट आहे, आणि कोणतेही कसब शिकावयाचे तर नियमित सराव व चूक दाखविणारा सोबती या दोन गोष्टी लागतात. गावातील पंधरा-वीस माणसांचे एखादे मंडळ या दोन्ही गोष्टी विनामूल्य पुरवू शकते.

मौनाची किंमत

घटनेतील ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेचे अधिष्ठान मिळाले. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची पद्धत रूढ आहे. सभेच्या गणपूर्तीसाठी गावातील १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. याचा अर्थ असा की, दोन-तीन हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसे जमली की सभा कायदेशीर ठरते. त्या शंभरांतही चार-पाच जणच बोलत असतील, तर साऱ्या गावाचा कारभार त्या चार-पाच जणांच्या जिभेवर चालतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमधील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. जागा मिळाली, परंतु त्या जागेवरून बोलण्याचा सराव कोठे मिळावा, याची सोय कायद्याने होत नाही. ती गावानेच केली पाहिजे.

पाण्याचेही तसेच आहे. २००५ च्या कायद्याने कालव्याच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याचा मार्ग खुला झाला. चारीच्या टोकाकडील, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याला पाणी कमी मिळते, ही जुनी तक्रार आहे. आता ती मांडण्यासाठी त्याच्या हक्काची सभा आहे. त्या सभेत तो बोलला नाही, तर त्याचे पाणी वरच्या अंगालाच मुरते आणि पुढे कोणापुढे दाद मागावी, तर सभेच्या वहीत त्याची तक्रार नोंदलेलीच नसते.

भीतीचे मूळ

सभेत उभे राहताच छाती धडधडते, हात कापतात, तोंड कोरडे पडते. हा भित्रेपणा नव्हे. संकट समोर दिसले की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते, त्याचाच हा परिणाम होय. शंभर डोळे एकदम आपल्याकडे वळले, की शरीर त्यालाही संकट समजते. मोठमोठ्या वक्त्यांनाही हा अनुभव येतो. फरक इतकाच की, वारंवार उभे राहून त्यांचे शरीर या प्रसंगाला सरावलेले असते. नवा बैल पहिल्या दिवशी जुवाखाली मान देत नाही. चार दिवस मोकळ्या रानात फिरवला, म्हणजे तोच सरळ तास धरतो. भीती घालविण्याचा उपाय उपदेशात नाही. ओळखीच्या, थोड्या व सहानुभूतीने ऐकणाऱ्या माणसांपुढे पुनःपुन्हा उभे राहणे, हाच तो उपाय आहे.

इतरांनी हे कसे साधले

वक्तृत्वाला उत्तेजन देता येते, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला गेला. ती चालविणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे.

अमेरिकेत राल्फ स्मेडली नावाचे एक गृहस्थ तरुणांच्या संस्थेत काम करीत असत. चांगल्या घरची, शिकलेली मुलेदेखील सभेत बोलू शकत नाहीत व सभा चालवूही शकत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी या मुलांचे मंडळ काढले. २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी भरलेल्या अशाच मंडळापासून टोस्टमास्टर्स ही आज जगभर पसरलेली संघटना वाढली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही तिची मंडळे चालतात. या मंडळांत पगारी शिक्षक नसतो. सभासद पाळीपाळीने भाषण करतात, पाळीपाळीने अध्यक्ष होतात, एक जण घड्याळ धरतो आणि प्रत्येक भाषणानंतर दुसरा सभासद त्याचे गुणदोष सांगतो. सारी विद्या या व्यवस्थेतच आहे.

शेतकऱ्यांच्या मुलांनीही हा मार्ग धरला आहे. इंग्लंडमध्ये १९२१ साली डेव्हन परगण्यातील हेमिओक या खेड्यात वासरे वाढविण्यासाठी मुलांचे एक मंडळ निघाले, आणि त्यातून तरुण शेतकरी मंडळांची चळवळ उभी राहिली. गुरांची पारख, शेतीकाम यांच्या जोडीला या मंडळांत भाषणाच्याही स्पर्धा होतात. त्यांत केवळ वक्त्याला महत्त्व नसते. सभा चालविणारा अध्यक्ष आणि आभार मानणारा सभासद यांचेही काम तपासले जाते. अमेरिकेतील शेतकरी मुलांच्या फोर-एच मंडळांत तर प्रात्यक्षिक दाखवीत बोलण्याची पद्धत आहे. मूल एखादी वस्तू करून दाखविते आणि करता करता समजावून सांगते.

भारतात १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा युवक मंडळे व महिला मंडळे तिचा भाग होती. पुढे १९८२ साली राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने सुरू केलेल्या कार्यक्रमातून गावोगाव शेतकरी मंडळे निघाली. आज बचत गट, भजनी मंडळ, तरुण मंडळ यांपैकी काहीतरी प्रत्येक गावात असतेच. तेव्हा नवी संस्था काढण्याची गरज नाही. नाहीतर काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी गत व्हावयाची. असलेल्या मंडळाने पंधरवड्यातून एक संध्याकाळ बोलण्याच्या सरावासाठी राखून ठेवली, तरी काम भागते.

मंडळाची बैठक

सभासद पंधरा ते पंचवीस असावेत. याहून अधिक झाल्यास प्रत्येकाची पाळी लवकर येत नाही. शाळेची खोली, चावडी किंवा देवळाचा सभामंडप ही जागा पुरते. बैठक दीड तासाची असावी व ठरल्या वेळी सुरू होऊन ठरल्या वेळी संपावी. दूध काढण्याच्या आणि रात्रीच्या भारनियमनातील पाणी देण्याच्या वेळा सांभाळूनच ती ठेवावी. बैठकीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१. अध्यक्ष बैठक सुरू करतो व मागील बैठकीचे टिपण वाचून दाखवितो. वेळ १० मिनिटे.

२. चिठ्ठ्यांचे बोलणे. एका डब्यात सोपे विषय लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकाव्यात. उदाहरणार्थ, ‘आमच्या गावचा बाजार’, ‘यंदाचा पाऊस’, ‘एक मोडके अवजार’. चिठ्ठी उचलावी आणि दोन मिनिटे बोलावे. सहा-सात जणांना संधी मिळते. वेळ २० मिनिटे.

३. तयारीची भाषणे. तीन सभासद प्रत्येकी पाच मिनिटे बोलतात. त्यांची नावे मागील बैठकीतच ठरलेली असतात. वेळ २० मिनिटे.

४. परीक्षण. प्रत्येक भाषणाविषयी एक ठरलेला सभासद तीन मिनिटे बोलतो. वेळ १० मिनिटे.

५. सभेचा सराव. एक सभासद ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, चर्चा होते, मतदान होते. वेळ २० मिनिटे.

६. घड्याळवाल्याचा अहवाल, पुढील बैठकीची नावे व आभार. वेळ १० मिनिटे.

घड्याळवाल्याचे काम महत्त्वाचे आहे. चार मिनिटे होताच त्याने एक टोला द्यावा व पाच मिनिटांनी दोन. दुसऱ्या टोल्यानंतर वक्त्याने चालू वाक्य पुरे करून बसावे, मग तो सरपंच असो की शाळकरी मुलगा. आणखी एका सभासदाकडे मक्याच्या दाण्यांची वाटी द्यावी. वक्ता ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘आणि मग’ असे शब्द विनाकारण उच्चारील, तेव्हा त्याने एकेक दाणा दुसऱ्या वाटीत टाकावा. शेवटी दाणे मोजून आकडा सांगावा. आपण एका भाषणात तीस वेळा ‘म्हणजे’ म्हणतो, हे ज्याला कळले, तो पुढच्या वेळी आपोआप सावध होतो.

गुणदोष कसे सांगावेत

मंडळ टिकते किंवा मोडते, ते परीक्षणावर. नुसती वाहवा केली, तर सुधारणा होत नाही. नुसते दोष काढले, तर नवखा माणूस पुन्हा उभा राहत नाही. परीक्षकाने तीन गोष्टी सांगाव्यात : भाषणातील एक खरोखर चांगली गोष्ट, एक दोष आणि तो दोष घालविण्याचा उपाय. दोष मोघम सांगू नये. ‘भाषण पडले’ असे म्हणण्याऐवजी ‘पहिली दोन मिनिटे मान्यवरांच्या नावांतच गेली; पुढल्या वेळी एकाच वाक्यात सर्वांना नमस्कार करून मुद्द्याला हात घालावा’ असे सांगावे. नमनालाच घडाभर तेल जाळण्याची खोड आपल्या सभांत फार आहे. ती प्रथम मोडावी.

परीक्षण बोलण्याचे असते, बोलणाऱ्याचे नव्हे. जात, भावकी, जुनी भांडणे व निवडणुकीतील गट यांना मंडळाच्या दाराबाहेर ठेवण्याचा नियम पहिल्याच दिवशी करावा आणि तो मोडणाऱ्यास अध्यक्षाने तत्काळ थांबवावे. ज्या गावात दोन गट आहेत, त्या गावात अध्यक्षपद पाळीपाळीने दोहोंकडे जाईल, असे पाहावे. आपल्या विरोधकाचे बोलणे पाच मिनिटे मध्ये न तोडता ऐकणे, हाही या शाळेतील एक मोठा धडा आहे.

हात चालू, तोंड चालू

ज्या सभासदाला बोलण्याची फारच भीती वाटते, त्याचे पहिले भाषण प्रात्यक्षिकाचे असावे. हाताला काम मिळाले की हातांचा कंप थांबतो. श्रोत्यांचे डोळे वस्तूकडे जातात आणि पुढचे वाक्य कोणते, हे कामाचा क्रमच सुचवितो.

घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणे, हा यासाठी उत्तम विषय आहे. सभासदाने ओले गोणपाट, शंभर दाणे व पाणी एवढेच साहित्य घ्यावे. ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून दाणे का घेतले, ते सांगत ते मोजावेत. दहा-दहाच्या दहा ओळी मांडून दाखवाव्यात. वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवून ओलसर राखावयाची, हे सांगावे. पाच ते सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावयाचे. ७० किंवा त्याहून अधिक असल्यास शिफारशीइतके बियाणे पेरावे. थोडे कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी असल्यास ते बियाणे पेरूच नये. एवढे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. बोलणाराला धीर येतो, आणि ऐकणाऱ्या वीस घरांत पेरणीपूर्वी उगवण तपासली जाते. आठवड्याने तीच गुंडाळी घेऊन त्याने निकाल सांगावा. हे त्याचे दुसरे भाषण झाले.

ग्रामसभेतील तीन मिनिटे

संथपणे बोलणारा माणूस मिनिटाला सुमारे शंभर शब्द बोलतो. ग्रामसभेत एखाद्याला तीन मिनिटे मिळाली, तरी पुष्कळ झाले. म्हणजे हाताशी तीनशे शब्द असतात. त्यांत चार प्रश्नांची उत्तरे यावीत : कोणाच्या वतीने बोलत आहे, काय घडले, त्याला पुरावा काय, आणि सभेने नेमके काय करावे. पाणीवापर संस्थेच्या सभेत टेलच्या शेतकऱ्याने पुढीलप्रमाणे बोलावे, हा नमुना :

“अध्यक्ष महोदय, चारीच्या टेलवरील आम्ही बारा खातेदार आहोत. आम्ही सर्वांनी सात नंबरचे अर्ज वेळेवर भरले व पाणीपट्टीही भरली. पावत्या माझ्याजवळ आहेत. मागच्या तीन आवर्तनांपैकी दोन आवर्तनांत पाणी आमच्यापर्यंत पोहोचले नाही. तारखा या कागदावर लिहिल्या आहेत. पुढील आवर्तन टेलपासून सुरू करावे, असा ठराव मी मांडतो.”

या नमुन्यात एकही कठीण शब्द नाही व कोणावर आरोपही नाही. तारीख, आकडा व मागणी आहे. हेच बोलणे रागाने व पाटकऱ्याच्या नावाने केले असते, तर सभा भांडणात संपली असती. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. बोलणे हवेत विरते. ठराव वहीत राहतो. म्हणून ठरावाला अनुमोदक अगोदर ठरवून ठेवावा, ठरावाची एक लेखी प्रत लिहून आणावी आणि सभेच्या इतिवृत्तात तो आला की नाही, हे पाहूनच घरी जावे.

काही बारीक गोष्टीही सरावाने अंगवळणी पडतात. पहिले वाक्य पाठ असावे, कारण भीती पहिल्या अर्ध्या मिनिटातच सर्वाधिक असते. उठण्यापूर्वी दोनदा सावकाश श्वास सोडावा. ध्वनिक्षेपक असेल, तर तोंड त्यापासून वीतभर दूर ठेवावे. टिपण एकाच लहान कागदावर मोठ्या अक्षरांत असावे. सर्वांत शेवटी बसलेल्या माणसाकडे पाहून बोलले, की आवाज आपोआप उंचावतो.

भाषा आपलीच असावी

शुद्ध बोलता येत नाही, म्हणून अनेक जण गप्प बसतात. हा संकोच निराधार आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) आपल्या वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज, दारू, अस्वच्छता, अस्पृश्यता यांसारखे अवघड विषय त्यांनी याच रीतीने लोकांच्या गळी उतरविले. जी भाषा घरात व शेतात चालते, ती सभेतही चालते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा माणदेशी वळणाने बोलणाऱ्या सभासदाला मंडळात कोणी हसू नये. सुधारावयाची असते ती विचारांची मांडणी.

मात्र बोलता येऊ लागले, की दुसरा धोका उभा राहतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे होता कामा नये. म्हणून मंडळात एक नियम असावा : वक्त्याने आकडा सांगितला, तर तो कोठून मिळाला, हे परीक्षकाने विचारावे. आपल्या शेतातील मोजमाप, संस्थेची पावती, कृषी विद्यापीठाची शिफारस असे काहीतरी दाखविता आले पाहिजे. खोटे गोड करून सांगण्याचे कसब शिकविणारे मंडळ गावाला नको आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मंडळ सुरू करून द्यावे. परंतु स्वतः अध्यक्षपदी बसू नये. पहिल्या दोन बैठकींचा क्रम आखून द्यावा, घड्याळवाला नेमावा आणि मग मागच्या रांगेत बसावे. कार्यकर्त्यालाही या सरावाची तितकीच गरज असते. तासभर चालणारे त्याचे भाषण शेतकरी सौजन्याने ऐकून घेतात, पण घरी काही नेत नाहीत. तेच त्याने दहा मिनिटांत, हातात वस्तू घेऊन सांगितले, तर त्याचाही उपयोग होतो. आपल्या भाषणाचे परीक्षण एखाद्या शेतकऱ्याकडून करून घेण्यास त्याने कमीपणा मानू नये.

अशी मंडळे मोडतात ती बहुधा तीन कारणांनी. दोन-तीन बोलके सभासद सारा वेळ घेतात. सुगीच्या दिवसांत बैठका बंद पडतात, त्या पुन्हा सुरू होत नाहीत. आणि स्त्रिया व तरुण मागेच राहतात. पहिल्यावर पाळीची यादी हा उपाय आहे. दुसऱ्यावर सुगीपुरती सुट्टी अगोदरच जाहीर करून पुढील बैठकीची तारीख फळ्यावर लिहून ठेवावी. तिसऱ्यासाठी बचत गटाच्या बैठकीतच हा सराव सुरू करावा. आणि दोन महिन्यांनी दोन्ही मंडळांची बैठक एकत्र घ्यावी. सासरे-दीर समोर असताना उभे राहून बोलणे नव्या सुनेला जड जाते, हे ध्यानात घेऊन तिची पहिली भाषणे स्त्रियांच्या बैठकीतच व्हावीत. तेथे धीर आला, म्हणजे महिला सभेत आणि पुढे ग्रामसभेत तिचा आवाज आपोआप पोहोचतो.

सहा महिन्यांत बारा बैठका होतात. प्रत्येक सभासदाच्या वाट्याला तयारीची निदान एक-दोन भाषणे, चिठ्ठीचे बोलणे तीन-चार वेळा आणि एकदा परीक्षण येते. एवढ्याने कोणी मोठा वक्ता होणार नाही. तो हेतूही नाही. मंडळाची परीक्षा पुढील ग्रामसभेच्या दिवशी घ्यावी. इतिवृत्ताची वही उघडून किती निरनिराळ्या माणसांची नावे सूचक व अनुमोदक म्हणून आली, ती मोजावीत. मागल्या वर्षी ज्यांची नावे वहीत कधीच आली नव्हती, अशी पाच नावे त्यांत सापडली, तर त्या मंडळाने आपले काम चोख केले, असे समजावे.